अडकित्ते वकिलांची चौथी सुपारी

भोरात अडकित्ते वकिलांकडे फिर्याद घेऊन गेलं की ते आधी सुपारी फोडायचे. पक्षकार रडत असो नाहीतर दात-ओठ खात असो, त्यांचा हात पानाच्या डब्याकडेच जायचा. माणूस सांगत राहायचा आणि मधेच 'कट्ट' असा आवाज होऊन टेबलावर एक खांड पडायचं. थोड्या वेळानं दुसरं. सगळं सांगून झालं की ते खांडांवरून बोट फिरवत म्हणायचे, "राग आला म्हणून गुन्हा होत नाही. कायद्याला या गुन्ह्यासाठी चार खांडं लागतात. तुमची झाली तीन. चौथं सापडलं तर या, नाहीतर शेजाऱ्याशी गोड बोला."

त्यांचं खरं आडनाव दारावरच्या पाटीवर होतं, पण पाटी कोणी वाचत नसे. गंमत म्हणजे ते स्वतः सुपारी खात नसत. खाणार कशानं? तोंडात वरचे दोन दात तेवढे उरले होते. फोडलेली सुपारी जायची ती त्यांच्या कारकुनाच्या, आबाच्या, पोटात. एकदा कोणाची तरी शेळी चोरीला गेली होती. वकिलांनी खांडं मांडली : वस्तू, ती दुसऱ्याची, त्याला न विचारता नेलेली, आणि नेण्यामागचा लबाड हेतू. पाणी पिऊन परत येतात तो खांडं तीनच.

"आबा, हेतू कुठे गेला?"

"खाल्ला, साहेब."

"मग आता आरोपीला सोडायचं की तुला धरायचं?"

पंचक्रोशीत हा किस्सा इतका फिरला की पुढे आबाला लोक 'हेतूखाऊ' म्हणू लागले. आबाला त्यात अभिमानच वाटायचा.

मी भोरात आलो तेव्हा दुसऱ्या लढाईला अजून दोन-तीन वर्षं होती. आमचं गाव विंझर. घरात कोणी चौथीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी पुण्याला राहून बी. ए. झालो, एल्‌एल्. बी. झालो. हे मिरवायला सांगत नाही असं म्हणायची पद्धत आहे. मी मिरवायलाच सांगतो. भाताच्या खाचरातून निघून काळ्या कोटात शिरलेला आमच्या खोऱ्यातला मी पहिला. वकिलीची पाटी लावली तेव्हा आईनं तिला हळद-कुंकू वाहिलं होतं. अडकित्ते वकील मात्र कॉलेजाची पायरी न चढलेले, संस्थानची जुनी परीक्षा देऊन सनद घेतलेले. मला ते "अहो पदवीधर" म्हणून हाक मारायचे. त्यात कौतुक किती आणि चिमटा किती, हे मला तेव्हा कळत नसे. आता कळतं. अर्धं-अर्धं.

आणखी एक सवय सांगायलाच हवी. त्या काळी बाईच्या अंगावर हात टाकल्याची फिर्याद आली की वकिलांच्या ओसऱ्यांवर एक विशिष्ट हसू फिरायचं. आबासारखी माणसंही उगाच जवळ येऊन कागद चाळायची. अडकित्त्यांच्या ओसरीवर तसं चालत नसे. ते आबाला नदीवर धोतर धुवायला पिटाळत, मग आपली खुर्ची उचलून तोंड भिंतीकडे करून बसत आणि म्हणत, "बाई, आता माझ्याशी नका बोलू, अंगणातल्या तुळशीशी बोला. मी सुपारी फोडतोय." बाई तुळशीकडे बघत सांगायची. पाठमोऱ्या वकिलांच्या बाजूनं फक्त अडकित्त्याचा आवाज यायचा.

या खटल्यांबद्दल त्यांची काही ठाम वाक्यं होती. "गप्प बसली म्हणून होकार झाला म्हणता? भिंतही गप्प असते, तिच्यावर डोकं आपटून बघा." आणि दुसरं, "भिऊन दिलेला होकार हा होकार नव्हे. फसवून काढलेला तर नव्हेच नव्हे." कोर्टात एकदा आरोपीचा वकील खोदून खोदून विचारत होता, बाई ओरडली का नाही? तेव्हा हे उठले नि म्हणाले, "साहेब, माझ्या विद्वान मित्रांना परवा बाजारात बैलानं ढुशी मारली. ते ओरडले नाहीत. त्यांची संमती होती असं आम्ही धरलं नाही." खुद्द मॅजिस्ट्रेटसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

आता तो खटला. माझ्या वकिलीतला पहिला मोठा खटला, आणि मी उभा होतो तो त्यांच्या विरुद्ध.

आमच्याकडे भातलावणीच्या दिवसांत एक रीत होती. खाचरात बायकांची पात, म्हणजे रांग, ओणवी लावणी करत असायची. बांधावरून कोणी कोरडा, चपला घातलेला, छत्रीवाला माणूस चालला की बायका त्याला अडवायच्या. पायावर रोपांची मूठ ठेवायची, पोटरीला चिखलाचं बोट लावायचं आणि म्हणायचं, "बायकूचं नाव घ्या, मग वाट मोकळी." माणूस लाजत-हसत उखाण्यात नाव घ्यायचा आणि सुटायचा. मामलेदार असो की मारवाडी, त्यातून कोणी सुटत नसे.

पासलीला एका मोठ्या जमीनवाल्याकडे शहरातून पाव्हणा आला होता. त्याला बायकांनी असंच अडवलं. त्यानंही नाव घेतलं. इथपर्यंत दोन्ही बाजूंचं एकच म्हणणं होतं. फिर्याद केलेल्या सगुणाचं म्हणणं असं की, वाट मोकळी झाली, बायका पातीत परतल्या, गाणं सुरू झालं, आणि पाव्हणा चार पावलं जाऊन मागं फिरला. त्यानं पातीच्या टोकाला असलेल्या सगुणाचं मनगट धरलं, तिला बांधावर ओढलं आणि पदराला हात घातला. ती हिसका देऊन सुटली. पाव्हण्याचं म्हणणं असं की, चेष्टा चालू असतानाच त्यानं चेष्टेत हात धरला. सुरुवात बायकांनी केली होती.

सगुणाच्या सासऱ्यानं तिला दारातच सांगितलं होतं, "कोरटानं तुजं खरं मानलं तर ह्या घरातली चूल तुजी. न्हाईतर भावाकडं जायचं." नवरा बरा होता, पण बापापुढं त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. म्हणजे खटला पाव्हण्यावर आणि निकाल मात्र सगुणाचा लागणार होता.

सासरा अडकित्त्यांकडे आला तोच मुळी म्हणत, "वकीलसायेब, जरा चढवून लिवा की. त्येनं लईच केलं आसं लिवा. मोटं कलम लागंल." वकिलांनी पाच-सहा खांडं मांडली आणि एकेक उचलून डब्यात परत टाकलं. "हे झालं नाही. हेही झालं नाही. झालं तेवढंच लिहायचं. खोटं एक खांड घातलं की खरी चारही कडू होतात." उरली चार. ती बाई, हे पहिलं. तिच्यावर केलेली बळजोरी, हे दुसरं. तिची लाज जाईल हा हेतू, निदान तशी जाणीव, हे तिसरं. आणि तिची संमती नव्हती, हे चौथं. विनयभंगाचं कलम एवढंच आहे. मीही ते इंग्रजीत पाठ केलेलं होतं, त्यांच्यापेक्षा चांगल्या उच्चारात.

पाव्हण्यानं वकील म्हणून मला गाठलं. कारण मी हुशार होतो असं मी समजत होतो. खरं कारण, मी त्या खोऱ्यातला होतो आणि ती रीत मला ठाऊक होती. मी खूश झालो. आईला सांगितलं तर ती ताक घुसळायची थांबली.

"आन् तू कुनाच्या बाजूनं?"

"पाव्हण्याच्या. अगं, कायद्यात दोन्ही बाजूंना वकील लागतो."

"लागतु की. वावरात बुजगावनं बी लागतंय. पर त्ये आपल्याच पोटचं आसावं व्हय?"

मी तिला कायदा समजावला. तिनं ताक समजावून घेतलं. दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

खटला उभा राहिला. सगुणा आधी बोलली. तिचा बसका आवाज, सरळ बोली. अडकित्त्यांनी तिला मोजकं विचारलं आणि टेबलावर तीन खांडं ओळीत ठेवली. चौथ्या खांडाची सुपारी मात्र अख्खीच, न फोडता, बाजूला ठेवली. मी ती पाहिली आणि मनात म्हटलं, म्हातारा संमतीवर अडकलाय. तिथेच मी त्यांना धरणार होतो. हात धरला तो चेष्टेच्या आत की चेष्टा संपल्यावर, यावर सगळं होतं. आत असेल तर चेष्टा दोघांची. त्यावर साक्षीदार तीन : सगुणा, म्हातारी गंगूआत्या आणि नुकतीच लग्न होऊन आलेली चंद्रा. तिघीही म्हणत होत्या, पात परत लागली होती, गाणं सुरू झालं होतं. पढवून आणल्या असणार. आणि पढवलेल्या साक्षीदाराला कसं उघडं पाडायचं हे मी पुस्तकात वाचलं होतं. बारीक तपशील विचारायचा. प्रत्येकजण वेगळा सांगतो.

मी सगुणाला विचारलं, "गाणं सुरू होतं म्हणता. मग कोणत्या शब्दावर थांबलं?"

तिनं माझ्याकडे बघितलं. जणू मी तिला तिच्या पोराचं नाव विचारत होतो.

"'भाऊ माजा येतो बाई' म्हनले. तितं तुटलं."

"एवढं नक्की आठवतं?"

"आता तुटलेलं न्हाई आठवनार तर काय आठवंल?"

मी विजयी मुद्रेनं मॅजिस्ट्रेटसाहेबांकडे पाहिलं आणि बाहेर बसवलेल्या गंगूआत्याला बोलवायला सांगितलं. तिला आतलं काहीच ऐकू गेलेलं नव्हतं. तिची सरतपासणी होताच मी तोच प्रश्न टाकला.

गंगूआत्या म्हणाली, "गानं? 'काळ्या ढगा काळ्या ढगा उतर दांडानं' हे झालं. मग सगुनी म्हनली, 'भाऊ माजा येतो बाई', आन् फुडं आवाजच न्हाई. आमी मान वर केली तं पोरगी बांदावर."

दोघींचा शब्द जुळला होता. पण सुटलेला प्रश्न आणि सुटलेला बैल मागं बोलावता येत नाही. बाहेरच बसवलेली चंद्रा आली. पोर लाजरी, कठड्याला धरून उभी. मी शेवटची आशा धरून विचारलं. तिनं उत्तर सांगितलंच नाही. डोळे मिटून हळूच गुणगुणून बघितलं, जसं आपण पाढा शोधतो तसं : "काळ्या ढगा, काळ्या ढगा, उतर दांडानं... भाऊ माजा येतो बाई..." आणि थांबली. डोळे उघडून म्हणाली, "हितं."

मॅजिस्ट्रेटसाहेब देशावरचे, त्यांना आमच्याकडची लावणी ठाऊक नव्हती. त्यांनी नवलानं विचारलं, "तिघींना तोच शब्द कसा लक्षात?"

चंद्रा घाबरली. मागून गंगूआत्याच बोलली, परवानगी न मागता. "सायेब, पातीतलं गानं मदीच तुटलं तर त्या वावरात दाना भरत न्हाई. मंग जितं तुटलं तितनंच धरून पात पुरी करावी लागती. दुसऱ्या दिशी सकाळी आमी सगळ्या त्याच जागी हुब्या ऱ्हायलो. सगुनी रडत व्हती. तरी तिच्याकडनंच म्हनून घेतलं. तिचंच तुटलं व्हतं न्हवं?" मग तिनं माझ्याकडे बोट केलं. "ह्येंना इचारा की. विंझरच्या पारूचा ल्योक न्हवं का ह्यो? त्येला म्हाईत न्हाई व्हय?"

मला माहीत होतं. हेच सांगायचं आहे मला. लहानपणी दहादा पाहिलेलं होतं. पाऊस फारच झोडपायला लागला म्हणून गाणं तुटलं, तर दुसऱ्या दिवशी आई आदल्या दिवसाच्या शब्दापासून सुरू करायची. कलमं पाठ करता करता मी तेवढंच विसरलो होतो.

आणि तेवढ्यात 'कट्ट' असा आवाज झाला. अडकित्त्यांनी चौथी सुपारी फोडली होती. उठून ते एवढंच म्हणाले, "साहेब, होकार होता. नाही कशाला म्हणू? पण तो चेष्टेला होता, आणि नाव घेतल्यावर वाट मोकळी झाली तिथे तो संपला. एका गोष्टीचा होकार दुसऱ्या गोष्टीला चालत नाही. पातीत परत जाऊन जी बाई गाणं म्हणते, तिनं आपलं काम हातात घेतलेलं असतं. आणि ती ओरडली नाही असं माझे विद्वान मित्र म्हणतील. तिचं गाणं तुटलं. त्या खाचरात याहून मोठा नकार नाही." मग माझ्याकडे वळून वाकले. "हा पुरावा माझा नव्हे. तो पदवीधरांनी काढला. त्यांचे आभार."

पाव्हण्याला शिक्षा झाली. बाहेर पिंपळाच्या पाराजवळ सगुणाचा सासरा अडकित्त्यांच्या पाया पडायला वाकला. वकिलांनी पाय मागं घेतले. "सासरेबुवा, आरोपी पाव्हणा होता. सून नव्हती. तिच्या चुलीचा निकाल तुम्ही कोर्टावर टाकला होता; आता कोर्टानं दिलाय. अपील करायचं असेल तर माझ्याकडेच या, मी तुमच्या विरुद्ध उभा राहीन." म्हातारा खजील होऊन हसला आणि सुनेच्या डोक्यावरचं गाठोडं त्यानं स्वतः घेतलं. पासलीचा सासरा सुनेचं गाठोडं उचलतो हे दृश्य भोरच्या बाजारानं थांबून पाहिलं.

मी तोंड चुकवून निघालो होतो. "अहो पदवीधर!" अशी हाक आली. "रागावलात?"

"तुम्हाला उत्तर माहीत होतं. तुम्ही का नाही विचारलंत?"

"मी विचारलं असतं तर तुम्ही म्हणाला असता, पढवलंय. तुम्ही विचारलंत म्हणून साहेबांना पटलं. तुमच्या हुशारीवर माझा पूर्ण भरवसा होता." हसताना त्यांचे दोन दात दिसले. "उद्यापासून ओसरीवर या. कायदा तुम्हाला येतो. सुपारी फोडायला शिकवतो."

मी गेलो. दहा-अकरा वर्षं गेलो. आईनं परत बोलायला सुरुवात केली, आणि वकिलांसाठी आंबेमोहोराची पिशवी पाठवायला लागली. भात त्यांना दातांशिवाय चालायचा.

एक गोष्ट मात्र ते कधी बोलले नाहीत. भोरच्या पेठेत जन्म काढलेल्या, चिखलात चप्पल न भरवलेल्या या माणसाला तुटलेल्या गाण्याची रीत कळली कशी? मी विचारलं की ते डब्यातली सुपारी चाचपत म्हणायचे, "वकिलानं घटनास्थळ बघावं." एवढंच.

संस्थान विलीन झालं त्या वर्षी ते गेले. मूलबाळ नव्हतं, बायको, रमाबाई, तर फार आधीच, त्यांच्या तरुणपणी गेलेल्या. त्या नावाचा उच्चारही मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. तेराव्याला ओसरी भरली होती. त्यात दोन दिवसांची वाट तुडवून पासलीहून तीन बायका आल्या. त्यांतली सगुणा आता घरातली कर्ती झाली होती. कंबरेला किल्ल्या होत्या. तुळशीपाशी बसून तिनं मला ती गोष्ट सांगितली.

"खटल्याच्या आदी वकीलसायेब आमच्या वावरावर आलं व्हतं. छत्री, पागोटं, कोरडं पाय. आमाला काय ठावं कोन हाय त्ये? अडीवलं. गंगूआत्यानं पायाला चिकूल लावला नि म्हनली, घ्या बायकूचं नाव. आमी हसतुय. मंग त्येनी छत्री मिटली, पावसात हुबं ऱ्हायलं आन् म्हनलं :

'नीरेकाठच्या वडाखाली सावली गार,
रमेचं नाव घेतो, वर्षं झाली फार.'

तवा आमाला उमगलं, त्येंची बायकू कवाच गेलेली. गंगूआत्यानं पदरानं त्येंचं पाय पुसलं. त्ये म्हनलं, पुसू नका बाई, इतक्या वर्सांत ह्ये नाव घ्यायला मला कुनी सांगितलंच न्हवतं. मंग दिसभर बांदावर बसलं, आमची गानी ऐकत. कुटं तुटलं, का तुटलं, समदं इचारलं."

आबा 'हेतूखाऊ' कोपऱ्यात बसून हुंदके देत होता. कोणीतरी भटजींना विचारत होतं की वकिलांना मूल नाही, पाणी सोडायला कोणी नाही, मग त्यांची पुढची वाट कशी. सगुणानं ते ऐकलं. टेबलावरचा अडकित्ता उचलून तिनं माझ्या हातात दिला, डब्यातली एक सुपारी पुढं केली आणि म्हणाली, "फोडा. त्येंनी बायकूचं नाव कवाच घेतलंय. त्येंची वाट मोकळी हाय."